क्रांतिकारक मोजायचा कोणत्या मापानं?

मित्रांनो, आपल्या अभ्यासवर्गात एक विषय निघाला की आवाज चढतात. कम्युनिस्टांचं काय करायचं? एक जण उठतो न् म्हणतो, त्यांनी बावन्न साली बाबासाहेबांना पाडलं, त्यांचं नाव काढू नका. दुसरा म्हणतो, गायरानाच्या मोर्चात आपल्या बाजूनं लाल झेंडाच उभा होता, निळ्या झेंड्याचे पुढारी तेव्हा मंत्र्याच्या गाडीमागं पळत होते. मग तास-दोन तास भांडण होतं, आणि प्रश्न जिथं होता तिथंच राहतो.

मला वाटतं, हा प्रश्न मुळात पक्षाचा नाहीच, नीतीचा आहे. इतिहासात होऊन गेलेला माणूस क्रांतिकारक होता की दगाबाज, हे ठरवायचं माप कुणी बनवायचं? ज्याच्या हातात माप त्याच्या घरात धान्य, हे खळ्यावर राबलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी बलुत्याच्या चार पायल्यांसाठी दुसऱ्याच्या मापाकडं बघत जन्म काढला. इतिहासाच्या खळ्यावर आजही तेच चाललं आहे. म्हणून माप कुणाचं आहे न् ते कुठं खोटं पडतं, हे तपासलं पाहिजे. त्यांचंही आणि आपलंही.

आधी कम्युनिस्टांचं माप बघू. त्यांच्या शास्त्राप्रमाणं समाजाचा पाया म्हणजे उत्पादनाची साधनं आणि त्यांची मालकी. धर्म, कायदा, चालीरीती हा त्यावरचा इमला. पाया बदलला की इमला आपोआप बदलेल. मार्क्सनं हे इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं, पण आपल्याकडच्या पोथीनिष्ठांनी ते तसं केलं. या हिशेबात जात पडली इमल्यात. म्हणजे पगारवाढीसाठी संप करणारा झाला पाया हलवणारा, आणि पाण्यासाठी लढणारा झाला वरच्या भिंतीचा पोपडा काढणारा. पहिला क्रांतिकारक, दुसरा सुधारक. जोतीराव फुल्यांना वर्षानुवर्षं सुधारकाच्या खणात ठेवलं ते असं. बाबासाहेबांना तर पक्षाच्या त्या काळातल्या लिखाणात सुधारणावादी आणि फुटीर ठरवलं गेलं. कारण काय, तर ते अस्पृश्य कामगाराला एकूण कामगारवर्गापासून वेगळा काढतात!

वेगळा कोण काढत होतं? मुंबईच्या गिरण्यांत बघा. विणकाम खात्यात पगार जास्त, आणि तिथंच अस्पृश्याला मज्जाव. कारण धोट्यातल्या कांडीचा धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याची थुंकी लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. शेजारच्या मागावरचा कामगारबंधूच त्याला आत येऊ देत नव्हता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. त्या एका धाग्यात पगारही होता आणि विटाळही होता. पाया कुठं संपतो न् इमला कुठं सुरू होतो, ते त्या धाग्यावर कुणी मला दाखवावं.

हेच माप हातात घेऊन कॉम्रेड डांग्यांनी प्राचीन भारताचा इतिहास लिहिला. १९४९ साली निघालेल्या त्या पुस्तकात वेदकाळातला यज्ञ हा आर्यांच्या सामूहिक उत्पादनाचा प्रकार ठरला, आदिम साम्यवाद ठरला. यज्ञाला साम्यवादाचं सर्टिफिकेट आणि महाडच्या तळ्याला सुधारणेचं! मात्र एक गोष्ट विसरू नका. या पुस्तकाचे वाभाडे काढले ते दामोदर धर्मानंद कोसंबींनी, आणि कोसंबी स्वतः मार्क्सवादी होते. म्हणजे मार्क्सवाद आणि डांगे हे एकच नव्हेत. आपण मात्र दोघांना एकाच गाठोड्यात बांधून मोकळे होतो.

आता आपलं माप. ते एका सालाचं आहे : १९५२. लोकसभेची पहिली निवडणूक, मुंबई शहर उत्तर मतदारसंघ, दोन जागा, त्यातली एक राखीव. बाबासाहेब शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार, समाजवाद्यांशी युती. काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे १४ हजार मतांनी निवडून आले. त्याच मतदारसंघात डांगेही उभे होते. राखीव जागेचं मत बाबासाहेबांना देऊ नका, ते कुजवा, असा प्रचार कम्युनिस्टांनी केला, हा आरोप तेव्हापासूनचा. बाबासाहेबांनी आणि अशोक मेहतांनी निवडणूक याचिका केली, ती फेटाळली गेली. हे विसरायचं का? मुळीच नाही. ज्यानं घटनेचा मसुदा घडवला त्याच्या विरोधात मत कुजवण्याचा विचार ज्या डोक्यात येतो, त्या डोक्यात 'वर्ग' या शब्दाखाली नेमकं काय दडलं होतं, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

पण एका सालानं चळवळ मोजता येते का? सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला, त्यात लाल बावटाही होता. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप झाला, तो स्वतंत्र मजूर पक्षानं आणि कम्युनिस्टांनी मिळून केला. शामराव परुळेकर हे बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले. पुढं ते कम्युनिस्ट झाले आणि १९४५ साली गोदावरीबाईंबरोबर वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. आणि बावन्ननंतर पाचच वर्षांनी, १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्र समितीत फेडरेशन आणि कम्युनिस्ट एकाच मांडवात होते. दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेत गेले, डांगे मुंबईहून. आपल्या बापजाद्यांनी बावन्नचा घाव अंगावर असताना ही युती केली. ते काय आपल्यापेक्षा कमी आंबेडकरवादी होते?

एका सालाच्या मापानं काय होतं सांगतो. माणसं सांडतात. रामचंद्र बाबाजी मोरे हे नाव तुमच्यातल्या किती जणांनी ऐकलं आहे? महाडच्या १९२७ च्या परिषदेसाठी खपलेला आपल्याच समाजातला हा माणूस. पुढं ते कम्युनिस्ट झाले, १९६४ च्या फुटीनंतर मार्क्सवादी पक्षात गेले, 'जीवनमार्ग' हे साप्ताहिक त्यांनी सुरू केलं, आणि १९७२ साली गेले. पक्षात राहून अस्पृश्यतेच्या प्रश्नावर ते वरिष्ठांना टिपणं लिहून देत राहिले. बाबासाहेबांवरची निष्ठा त्यांनी टाकली नाही आणि लाल बावटाही टाकला नाही. पक्षानं त्यांची टिपणं बाजूला ठेवली, आपण त्यांचं नावच बाजूला ठेवलं. दोन्हीकडच्या मापात न बसणारा माणूस दोन्हीकडून गेला.

आणि अण्णाभाऊ? ज्यांनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, ज्यांनी १९५८ साली पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं, त्यांनीच स्टालिनग्राडचा पोवाडा रचला आणि अमर शेख, गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक गावोगाव नेलं. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो एकमेकांना पाठवले. मग आता काय, अण्णाभाऊंचे दोन तुकडे करून निळा तुकडा ठेवायचा न् लाल फेकायचा? माणूस असा कापता येत नाही. जो कापायला बघतो त्याला माणूस नको असतो, मिरवायला तसबीर हवी असते.

आणखी एक लक्षात घ्या. आपल्याकडं 'कम्युनिस्ट' ही शिवी नेहमी एका ठराविक वेळेलाच बाहेर येते. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा प्रश्न हातात घेतला, १९५९ साली सत्याग्रह उभारला, तेव्हा पक्षातल्याच शिकलेल्यांनी त्यांच्यावर कम्युनिस्टाचा शिक्का मारला. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला स्थापन झाला आणि दोन वर्षांत फुटला. १९७२ साली पँथर उभी राहिली. १९७३ च्या जाहीरनाम्यात भूमिहीन, कामगार, शोषित बाया या सगळ्यांना दलित म्हटलं, आणि १९७४ ला ढसाळ कम्युनिस्ट की ढाले खरे आंबेडकरवादी या वादात संघटना दुभंगली. मी कुणाची वकिली करत नाही. फक्त विचारतो, जमिनीचं नाव काढलं की माणूस लाल होतो, हे आपल्याला कुणी शिकवलं? बाबासाहेबांनी तर १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीन सरकारच्या मालकीची करून ती सामूहिक पद्धतीनं कसायची, असं लिहून ठेवलं. १९३८ साली मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. आपण त्यातला एकच पाठ केला.

तर मग माप कोणतं? मी पुस्तकातून नाही, माझ्या गावातून सांगतो.

मी किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लोक गणपती बोळवून झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, झोपलेली माणसं त्याखाली गेली. लातूर न् उस्मानाबाद, दोन्ही जिल्ह्यांत मिळून हजारो मेले. मरणानं जात विचारली नाही, असं तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं. मरणानं विचारली नसेल. पुनर्वसनानं विचारली. ५२ गावं उचलून नव्या जागी बसवली. घर किती मोठं द्यायचं ते जुन्या जमिनीवरून ठरलं : भूमिहीनाला आणि अगदी थोड्या जमिनीच्या धन्याला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्या जमिनीवाल्याला ७५०. जगभरातून मदत आली, जागतिक बँकेनं कर्ज दिलं, आणि त्या पैशातून गावची जुनी उतरंड सिमेंटमध्ये पक्की झाली. कम्युनिस्ट म्हणेल, बघा, वर्ग! आणि त्याचं खरं आहे. २५० च्या रांगेत एकटा बौद्धच नव्हता. मांग होता, मुसलमान होता, धनगर होता, जमीन गेलेला मराठाही होता.

पण कॉम्रेड, आता आकड्यावरून नजर उचला न् गल्ल्या बघा. कित्येक नव्या गावांत गल्ल्या पडल्या त्या जुन्या वाड्यांप्रमाणंच. घर सारखंच २५० चौरस फुटाचं, भिंत सारखीच, पत्रा सारखाच. पण गल्ली वेगळी. गाव शब्दशः जमीनदोस्त झालं, इमला म्हणून काही शिल्लक राहिला नाही, तरी जात त्या ढिगाऱ्यातून उठून नव्या नकाशावर जाऊन बसली. चौरस फुटात वर्ग दिसतो, गल्लीत जात दिसते. जो फक्त चौरस फूट मोजतो त्याला गल्ली दिसत नाही, आणि जो फक्त गल्ली बघतो त्याला २५० मध्ये कोंबलेला शेजारच्या गल्लीतला माणूस दिसत नाही.

नामांतराच्या वेळी हेच झालं होतं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना मारलं. झोपड्या जाळणाऱ्यांत कित्येक जण स्वतः कोरडवाहू तुकड्यावर अर्धपोटी जगणारे होते. विद्यापीठाचं नाव अडवून त्यांच्या सातबाऱ्यावर एक गुंठाही वाढणार नव्हता. वर्गहिताच्या फूटपट्टीनं हे मोजून दाखवा! शरद पाटलांना हे दिसलं. त्याच साली मार्क्सवादी पक्ष सोडून त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि मार्क्सच्या शेजारी फुले-आंबेडकर ठेवून इतिहास नव्यानं वाचायला घेतला. म्हणजे माप दुरुस्त करता येतं. करणारा पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं असं. क्रांती करणाऱ्या कोणाही माणसाला, चळवळीला तीन प्रश्न विचारावेत. एक, तुझ्या क्रांतीनंतर भूमिहीनाच्या हाताला काय लागलं? दोन, दुसऱ्या दिवशी सकाळी गावकुसाबाहेरची बाई कुठल्या पाणवठ्यावर उभी होती? तीन, तुझा जोर हटल्यावर, बंदूक खाली ठेवल्यावर, पुढारी मेल्यावर, त्यातलं काय टिकलं?

तिसरा प्रश्न माझा नाही, बाबासाहेबांचा आहे. २० नोव्हेंबर १९५६ ला काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांच्याबद्दल बोलताना त्यांनी दुःख नाहीसं करायचं मार्क्सचं ध्येय नाकारलं नाही. वाद केला तो साधनांवर. बळानं आणलेलं बळ काढल्यावर कसं टिकेल, हा त्यांचा सवाल. १९९१ साली सोव्हिएत युनियन मोडलं तेव्हा जगाला उत्तर मिळालं. १९३२-३३ च्या दुष्काळात तिथं लाखो शेतकरी मेले आणि आपल्याकडचे कित्येक कॉम्रेड तेव्हाही न् नंतरही फक्त ट्रॅक्टर मोजत राहिले. हेही मापाचंच पाप.

आता हे तीन प्रश्न आपल्याच मातीत लावून बघू. १७ सप्टेंबरला आपण मुक्तिदिन करतो. किल्लारी तेव्हा निजामाच्या मुलखात, उस्मानाबाद जिल्ह्यात. शेजारी तेलंगणात १९४६ पासून १९५१ पर्यंत कम्युनिस्टांनी सशस्त्र लढा दिला. पक्षाच्या हिशेबानं ३ हजार गावं, १० लाख एकर जमिनीचं वाटप, ४ हजार हुतात्मे. वेठ बंद झाली, आणि वेठीचा सगळ्यात मोठा भार दलितांच्याच मानेवर होता. पहिल्या प्रश्नाला हे लोक ताठ मानेनं उत्तर देऊ शकतात. दुसऱ्या प्रश्नाला आवाज खाली येतो, कारण पुढारीपण बहुतेक बड्या शेतकरी जातींकडंच राहिलं. तिसऱ्याला आणखी खाली, कारण लढा मागं घेतल्यावर बरीच जमीन पुन्हा जुन्या धन्याकडं गेली. तरीही ते लढले. आपल्या शाळेतल्या मुक्तिदिनाच्या भाषणात त्यांना एक ओळही मिळत नाही. आणि पोलीस ॲक्शननंतर उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या चार जिल्ह्यांत मुसलमानांची जी कत्तल झाली, तिला तर अर्धी ओळही नाही. सुंदरलाल समितीनं एकूण मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार केला होता. तो अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवला. इतिहासातून वगळलं जाणं काय असतं ते आपल्याला माहीत आहे. मग वगळलेल्यांच्या बाजूनं आपण नाही बोलायचं तर कुणी?

आपल्या माणसांनाही हेच प्रश्न. निजामाच्या राज्यात बी. श्यामसुंदर हे दलितांचे मोठे पुढारी. १९४८ साली ते निजामाच्या शिष्टमंडळातून संयुक्त राष्ट्रांत गेले. त्याआधी नोव्हेंबर १९४७ मध्येच बाबासाहेबांनी हैदराबादच्या अस्पृश्यांना निजामाची बाजू घेऊ नका, असं बजावलं होतं. म्हणून श्यामसुंदर दगाबाज ठरतात का? गावच्या सवर्णाचा जाच रोज अंगावर असणाऱ्याला दूरचा नवाब बरा वाटला, हे समजून घेता येतं. पण समजून घेणं म्हणजे बरोबर ठरवणं नव्हे. आणि रिपब्लिकन पक्षाचे किती तुकडे झाले ते मोजून बघा, म्हणजे तिसरा प्रश्न आपल्यालाही किती झोंबतो ते कळेल.

कुणी म्हणेल, हा तर मधला रस्ता झाला, थोडं त्यांचं थोडं आपलं. नाही. बावन्नचा हिशेब मी माफ केलेला नाही. १९८८ साली गोविंद पानसऱ्यांच्या शिवाजीवरच्या पुस्तिकेनं रयतेचा राजा लोकांपुढं ठेवला, २०१५ साली त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, म्हणून डांग्यांचा यज्ञ मला मान्य होत नाही. ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या पदरात टाकायचं, एवढंच. शत्रूशी वागताना न्याय सोडला तरी चालतो असं आपण मानलं, तर मनूनं आपल्याशी वेगळं काय केलं? न्याय आपल्याच माणसांपुरता ठेवला की त्यालाच जात म्हणतात.

हे सगळं आज का सांगतो? गायरानासाठी. १९९१ च्या सरकारी निर्णयानं १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणं नियमित व्हायची होती. मराठवाड्यात आपली कित्येक कुटुंबं दोन-दोन पिढ्या ती जमीन कसतात, अजून सातबारा नाही. २०२२ साली उच्च न्यायालयात विषय निघाला न् नोटिसांची धास्ती पसरली. त्या जमिनीवर मांगाचं घर आहे, पारध्याचं पाल आहे, भूमिहीन मराठ्याचा गोठाही आहे. ही लढाई एकट्या निळ्या झेंड्यानं होणार नाही, आणि एकट्या लालनंही होणार नाही.

तेव्हा लाल झेंड्याचं बोलावणं आलं तर जा. हात जोडून नको, हात उगारूनही नको. मोर्चाच्या आधीच्या बैठकीत सरळ विचारा : जमिनीच्या यादीत पहिलं नाव कुणाचं? नव्या वस्तीत गल्ल्या कशा पाडणार? समितीत आमच्या बाया किती? उत्तर मिळालं तर खांद्याला खांदा. नाही मिळालं तर तिथंच बसून राहा, उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आणि हेच प्रश्न आपल्या पुढाऱ्यांना विचारायला बसाल, तेव्हाही आवाज तेवढाच मोठा ठेवा.

जय भीम.